मोठेपणी शिकताना ‘हे मला माहीत आहे’ आड येतं. ते बाजूला कसं ठेवायचं?

रेघोटी

चाळिशीनंतर दोन गोष्टी नव्याने सुरू करायच्या आहेत: समोर बघून चित्र काढणं आणि एक परभाषा. लहान मुलासारखं मोकळेपणाने शिका, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. ‘मन मोकळं ठेवा’ एवढ्यावर सरावाचा तास निभत नाही.

अडचणी तीन आहेत. शिकवणाऱ्याने तोंड उघडलं की डोकं ‘हां, म्हणजे अमुकसारखंच’ असं म्हणून मोकळं होतं आणि पुढचं नीट ऐकलंच जात नाही. दुसरं, करून बघायच्या आधीच ‘असंच का?’ हा प्रश्न येतो आणि उत्तर मिळेपर्यंत हात हलत नाही. तिसरं म्हणजे वाईट झालेलं काम डोळ्यांसमोर नको वाटतं, म्हणून जे जमतं तेच पुन्हा पुन्हा केलं जातं.

इच्छाशक्तीवरचे सल्ले नकोत. बसल्यावर काय करायचं, किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे फसतं आणि का, ते हवं आहे. रोज पाऊण तास मिळतो. मुलं खरंच मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात का, हेही जाणकारांनी सांगावं.

कानसेन

भाषेपुरतं लिहितो. आधी वयाचा प्रश्न निकालात काढू. मुलं लवकर शिकतात हे सरसकट खरं नाही. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजीभाषक लोकांना डच कसकशी येत जाते, याची वयोगटांनुसार पाहणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या काही महिन्यांत १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं आघाडीवर होती, ३ ते ५ वर्षांची सगळ्यांत मागे. लहान मुलं पुढे निघतात ती काही वर्षांनी, आणि तीही मुख्यतः उच्चारांत आणि व्याकरणाच्या बारकाव्यांत. शब्दसंग्रह, वाचन, संदर्भावरून अर्थ लावणं यांत मोठ्यांची बाजू भक्कम असते. ती सोडून देऊन मूल व्हायला जाऊ नका.

मोठ्यांचं अडतं ते कानापाशी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात, आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख पुसट होते. कानात बिघाड झालेला नसतो. आपल्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, त्याकडे लक्ष देणं थांबलेलं असतं. आपलंही तसंच आहे: इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू हे दोन आवाज आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो आणि दोन्ही ऐकले असं आपल्याला वाटत राहतं.

म्हणून पहिला आठवडा बोलणं नाही, लिहिणं नाही, फक्त ऐकणं. आणि परभाषेचे शब्द देवनागरीत उतरवून ठेवायचे नाहीत. देवनागरीत लिहिलं की तो आवाज आपल्या वर्णमालेत बसला असा समज होतो आणि कान तिथेच थांबतो. लिपी किती झाकते ते मराठीतच बघा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत अक्षर एकच, आवाज दोन. मराठी घरातलं मूल हा फरक शाळेत जाण्याआधी न चुकता करतं, त्याला नियम कुणीही सांगितलेला नसतो. लिपी वाचून मराठी शिकणारा परका माणूस मात्र वर्षानुवर्षं ‘चारा’ हा शब्द ‘चार’मधल्या ‘च’ने म्हणतो, कारण त्याने डोळ्यांनी शिकलेलं असतं.

आता कृती. फक्त एका आवाजाने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या दहा जोड्या घ्या. प्रत्येक शब्द किमान चार-पाच वेगवेगळ्या लोकांनी उच्चारलेला हवा, बायका आणि पुरुष दोन्ही. एक शब्द ऐका, दोनांतला कोणता ते ठरवा, बरोबर की चूक ते लगेच बघा आणि चुकलं तर तोच शब्द पुन्हा ऐका. एका बैठकीत ८० ते १०० वेळा. वाटतं तेवढा वेळ लागत नाही, दहा-बारा मिनिटांत होतं. ५० टक्के म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. ८५-९० टक्क्यांवर स्थिर झालात की नव्या माणसाचा आवाज घाला. टक्का खाली येईल, तो यायलाच हवा.

सगळ्यांत जास्त फसतं ते एकाच माणसाच्या आवाजावर सराव केल्याने. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ ऐकायला शिकणाऱ्या जपानी लोकांवर १९९० च्या दशकात याचे प्रयोग झाले. अनेकांच्या आवाजांवर तयार झालेल्या लोकांना अनोळखी माणसाचं बोलणंही ओळखता आलं. एकाच्याच आवाजावर शिकलेल्यांचा कान त्या एका माणसापुरता तयार झाला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की फक्त ऐकण्याचा सराव केलेल्यांचे स्वतःचे उच्चारही सुधारले. म्हणून ‘अजून बोलत नाही’ याची चिंता पहिल्या आठवड्यात करू नका.

‘असंच का?’ बद्दल. शब्दांचे अर्थ पाठ करताना मोठ्यांसारखा जोर लावा, त्याने फायदाच होतो. वाक्यरचना ऐकताना मात्र नियम शोधत बसू नका. २०१४ च्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना बनावट भाषा ऐकवली. ज्यांना मुद्दाम प्रयत्न करून शिकायला सांगितलं होतं, ते शब्द ओळखण्यात पुढे गेले. पण शब्दांचे प्रकार आणि त्यांचा क्रम यांतली सूक्ष्म घडण त्यांच्या हाती कमी लागली. त्यामुळे एखादी रचना निदान वीस-तीस वेगवेगळ्या वाक्यांत कानावरून गेल्यावरच व्याकरणाचं पुस्तक उघडावं. तेव्हा तोच नियम दोन मिनिटांत कळतो आणि टिकतो.

तिरपी रेघ

मी चित्रापुरतं लिहिते. ‘माहीत आहे’ नेमकं कुठे घुसतं, ते साध्या कपावर दिसतं. टेबलावर कप ठेवा आणि बसल्या जागेवरून बघा. कपाचं तोंड गोल असतं हे माहीत असल्याने हात जवळजवळ गोल काढतो. बूड टेबलावर सपाट टेकलं आहे हे माहीत असल्याने खाली सरळ रेघ मारतो. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नसतं. तोंडाचं दिसतं ते चपटं लंबवर्तुळ. आणि बुडाची कड त्याच्याहून जास्त फुगीर असते, कारण ती नजरेच्या पातळीच्या आणखी खाली आहे. जिथे हात सरळ रेघ मारतो, तिथेच खरी गोलाई जास्त आहे. चेहऱ्याचंही असंच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण नवशिका ते बरेच वर काढतो. कपाळावर आणि केसांत ‘काढण्यासारखं’ काही नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो भाग आक्रसतो.

यात एक गोष्ट आधीच सांगते. लहान मूल असं ‘जसं दिसतं तसं’ काढत नाही. तेही माहीत असलेलंच काढतं: गोल डोकं, काड्यांचे हात. तेव्हा चित्र बघायला मुलाकडून शिकायचं नाही. शिकायचं ते एवढंच, की झालेलं चित्र बाजूला टाकून लगेच दुसरा कागद ओढायचा.

सामान: छपाईचे साधे कागद अर्धे कापून, एक टू-बी पेन्सिल. खोडरबर दुसऱ्या खोलीत. रबर हाताशी असला की प्रत्येक रेघेवर निकाल द्यायची सवय लागते आणि नजर वस्तूवरून उठून कागदावर येते. महागडी चित्रवही तर मुळीच नको, तिच्या प्रत्येक पानाची भीती वाटते.

पहिली तीन मिनिटं: कागदाकडे न बघता स्वतःच्या डाव्या हाताची कड काढा (डावखुरे असाल तर उजव्याची). डोळा कडेवरून मुंगीच्या वेगाने सरकवायचा आणि पेन्सिल त्याच वेगाने. एक इंच सरकायला पाच-सहा सेकंद. चित्र वेडंवाकडंच येणार, त्याचा विचार करू नका, इथे सराव नजरेचा आहे. फसतं ते वेग वाढल्याने. पेन्सिल भराभर जायला लागली की समजा, डोळ्यांनी बघणं थांबवलं आणि आठवणीतला हात कागदावर उतरू लागला.

पुढची दहा मिनिटं: खुर्ची काढायची नाही, खुर्चीतल्या रिकाम्या जागा काढायच्या. पुठ्ठ्यात ४ बाय ६ सेंटिमीटरची खिडकी कापा आणि कागदावर ८ बाय १२ ची चौकट आखा. प्रमाण एकच हवं, नाहीतर सगळं ताणलं जातं. एक डोळा मिटून खिडकीतून बघा आणि दोन पायांमधली पोकळी, पाठीच्या दांड्यांमधल्या फटी, खुर्ची आणि चौकट यांच्यामधला तुकडा, हे आकार एकेक करून उतरवा. पोकळीचं ‘माहीत असलेलं’ रूप डोक्यात नसतंच, म्हणून तिथे डोळ्याचं ऐकलं जातं. मनात ‘हा पाय’ असा शब्द आला की रेघ बिघडते. मग शेजारच्या दुसऱ्या पोकळीवर जायचं.

शेवटची पाच मिनिटं मापं. हात पूर्ण सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल नजरेशी काटकोनात. कपाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने पकडा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. नवशिक्यांची मापं चुकण्याचं हे पहिलं कारण आहे.

कागदामागे तारीख घालून सगळे एका पाकिटात टाका आणि तीन आठवडे बघू नका. मग सगळे जमिनीवर ओळीने मांडा. रोजच्या रोज बघितलं तर प्रत्येक दिवस वाईटच दिसतो, कारण फरक दिसायला तेवढं अंतर लागतं.

सावकाश

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, वाचनखूण साठवली. रेघोटींच्या पहिल्या अडचणीवर थोडं तपशिलात लिहितो, कारण बाकीच्या दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ चा पाण्याच्या घड्यांचा प्रयोग कागद-पेन्सिल घेऊन स्वतःवर करता येतो. तीन भांडी: २१, १२७ आणि ३ मापांची. १०० मापं पाणी हवं. उत्तर: मोठ्या भांड्यातून पहिलं एकदा काढा आणि तिसरं दोनदा. १२७ वजा २१ वजा ६. याच पद्धतीने सुटणारी आणखी चार-पाच गणितं दिली जातात. उदाहरणार्थ १४, १६३, २५ यांतून ९९. मग येतात २३, ४९, ३ आणि हवेत २०. बहुतेक लोक तीच लांब पद्धत वापरतात, ४९ वजा २३ वजा ६, आणि उत्तर बरोबर येतं. २३ वजा ३ इतकं सरळ उत्तर समोर असून दिसत नाही. पुढे २८, ७६, ३ यांतून २५ मागितले, की लांब पद्धत चालत नाही आणि अनेकजण चक्क अडकतात. ज्यांना आधीची गणितं दिलेलीच नसतात, त्यांना हे काही सेकंदांत सुटतं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. लांब पद्धत चुकीची नव्हती, ती चालत होती म्हणूनच पुढचं बघणं थांबलं. तुमचं ‘अमुकसारखंच’ हेही बऱ्याचदा अर्धं बरोबर असतं आणि तेवढ्यानेच घात होतो. दुसरं, हे ज्ञान पुसून टाकता येत नाही. पाटी कोरी करा हा सल्ला ऐकायला छान आहे, पण पाटी कोरी होत नसते.

मुलं यात कुठे पुढे असतात? अ‍ॅलिसन गॉपनिक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात एक यंत्र होतं, ठरावीक ठोकळे वर ठेवले की ते चालू व्हायचं. कधी एका ठोकळ्याने चालायचं, कधी दोन विशिष्ट ठोकळे एकत्र असतील तरच. हा दुसरा, जरा अनपेक्षित नियम चार-पाच वर्षांच्या मुलांनी समोरच्या पुराव्यावरून सहज पकडला. मोठी माणसं ‘एकच ठोकळा कारणीभूत असणार’ याच गृहीतकावर अडून राहिली. मुलं जास्त हुशार होती असं नाही. मोठ्यांच्या मनात त्या गृहीतकाचं वजन आधीपासून जास्त होतं.

मग उपाय असा: गृहीतक दाबायचं नाही, कागदावर लिहून काढायचं. पाठ सुरू होण्याआधी दोन मिनिटांत तीन ओळी लिहा. ‘मला वाटतं आज असं सांगतील.’ ‘हे अमुकसारखं असेल.’ ‘माझी खात्री: दहापैकी इतकी.’ पाठ झाल्यावर त्याच ओळींसमोर काय वेगळं निघालं तेवढंच लिहा, सारखं निघालं ते लिहू नका. रोज किमान एक फरक सापडलाच पाहिजे. सापडला नाही तर एकतर पाठ तुमच्यासाठी फार सोपा होता किंवा तुम्ही ऐकलं नाही.

खात्रीचा आकडा का लिहायचा? ज्या चुकीबद्दल आपली पक्की खात्री होती, तिचं बरोबर उत्तर लगेच कळलं तर ते जास्त पक्कं बसतं. हे २००१ पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आश्चर्य वाटतं, लक्ष तिकडे वळतं. पण त्यासाठी चूक आधी ठामपणे करावी लागते. ‘कदाचित असं असेल’ म्हणून गुळमुळीत राहणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. आणि दुरुस्ती त्याच बैठकीत हवी. 

दुसरी चाचणी ‘कळलं’ वाटतं त्या क्षणासाठी. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना विचारलं, की कपड्यांची चेन, कुलूप, फ्लशची टाकी यांचं काम तुम्हाला किती कळतं, गुण द्या. मग पायरी-पायरीने समजावून लिहायला सांगितलं आणि पुन्हा गुण मागितले. दुसऱ्या वेळचे गुण खाली आले. म्हणून ‘हो, कळलं’ असं वाटलं की पुस्तक मिटून पाच ओळींत क्रमवार लिहा. पेन जिथे अडखळेल, तो तुमचा उद्याचा पाठ.

पाणीपातळी

अंगाने शिकायच्या गोष्टींवर कुणी लिहिलं नाही. पोहणं, नाच, दुचाकी शिकणारे इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी.

मुलाकडून घ्यायचं ते प्रमाण. कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना मोजली: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं (२०१२). मोठा माणूस तासाला दोनदा पडला तर शिकणं सोडतो. पण मुलाला पडायची किंमत थोडी असते. उंची कमी, वजन कमी, आणि कुणी बघून नाक मुरडत नाही. मोठ्या माणसाने धाडस वाढवायचं नसतं, पडण्याची किंमत उतरवायची असते. मग चुकांची संख्या आपोआप वाढते.

पोहण्यात याचा अर्थ असा. पहिले तीन-चार दिवस कमरेएवढं पाणी, कडा हातात. तोंड पाण्यात घालून नाका-तोंडाने चार-पाच सेकंद सावकाश बुडबुडे सोडायचे, तोंड बाहेर काढून एक सेकंदात श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. दहाचा एक फेरा, असे तीन. मोठी माणसं इथेच चुकतात: पाण्यात श्वास धरून ठेवतात आणि बाहेर आल्यावर आधी सोडायला जातात. घ्यायला वेळच उरत नाही, धाप लागते, आणि ‘दम कमी पडतो’ असा निष्कर्ष निघतो. दम पुरेसा असतो, हवा सोडलेली नसते. दुसरी चूक डोकं वर धरण्याची. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग पाय जोरात मारावे लागतात, आणि पुन्हा धाप. नजर तळाकडे ठेवली की पाय आपणहून वर येतात.

सूचना स्वतःला देताना अवयवाची देऊ नका, परिणामाची द्या. ‘कोपर इतक्या अंशात वाकव’ याऐवजी ‘पाणी मागे ढकल’. लक्ष स्वतःच्या हालचालीवर ठेवण्यापेक्षा तिच्या परिणामावर ठेवलं तर शरीर लवकर जुळवून घेतं, हे तोल साधण्याच्या कामांपासून गोल्फपर्यंत अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मोठ्यांना उलटी सवय असते, त्यांना प्रत्येक सांधा तपासायचा असतो.

पायऱ्या लहान ठेवा. घुबडांच्या डोळ्यांवर लोलक बसवून त्यांना दिसणारं जग एका बाजूला सरकवण्याचे प्रयोग झाले आहेत. पिल्लांनी मोठा बदल एका दमात पचवला. प्रौढ घुबडांना तो फारसा जमला नाही. पण तोच बदल थोडाथोडा करत नेला तेव्हा प्रौढांनीही बराच पचवला (२००२). माणसाबद्दल यावरून थेट काही सिद्ध होत नाही, पण शिकवण्याच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. प्रौढाला पायरी जमली नाही तर ती अर्धी करा, तीच जास्त वेळा करायला लावू नका.

उंबरठा

एक सावधगिरीची सूचना. मुलांची ग्रहणशीलता आंधळीही असते. २००५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पारदर्शक पेटीतून बक्षीस काढायचं होतं. दाखवणाऱ्याने मुद्दाम काठीचे काही निरुपयोगी ठोके मधे घातले. पेटी पारदर्शक असल्याने त्यांचा उपयोग नाही हे दिसत होतं. चिंपांझींनी ते गाळले, ३-४ वर्षांच्या मुलांनी मात्र सगळं जसंच्या तसं केलं.

मोठ्या माणसाला या सवयीचा अर्धा भाग उपयोगी आहे. शिक्षक निवडताना हवे तेवढे प्रश्न विचारा. एकदा निवडला की तीन आठवडे सांगेल ते जसंच्या तसं करा, आपली सुधारणा घालू नका. नंतर एकेक गोष्ट गाळून बघा आणि फरक पडतो का ते तपासा. एका वेळी एकच, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. तीन आठवड्यांनी कोणत्याही मोजपट्टीवर काहीच हललं नसेल तर शिक्षक किंवा पद्धत बदला. तिथे नम्रता आड येऊ देऊ नये.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. कानसेन म्हणतात नियम नंतर, सावकाश म्हणतात अंदाज आधी लिहा. हे एकमेकांच्या विरुद्ध जात नाही का? आणि रोजच्या पाऊण तासात दोन्ही विषय घ्यायचे की दिवसाआड एक?

सावकाश

विरुद्ध नाही. अंदाज ‘काय होईल’ याचा लिहायचा, नियम म्हणजे ‘का होतं’ याचं स्पष्टीकरण. पहिला तुम्हाला समोरच्या गोष्टीकडे बघायला लावतो, दुसरा फार लवकर हाती आला तर बघणं थांबवतो. कानसेनांच्या सरावात प्रत्येक वेळी दोनांतला एक शब्द निवडता, तो अंदाजच आहे. तिथे वेगळं काही लिहायला नको. ‘असंच का?’ हे प्रश्न मात्र फेकू नका. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि दर रविवारी बसून बघा. निम्म्याहून अधिक प्रश्न करता करता सुटलेले असतात. उरलेले शिक्षकाला विचारा, ते चांगले प्रश्न असतात.

कानसेन

दोन्ही विषय रोज घ्या. २० मिनिटं भाषा, २० मिनिटं चित्र, उरलेली पाच लिहिण्याला. लांब बैठकीपेक्षा रोजची छोटी बैठक कामाची असते. १९७८ साली ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना वेगवेगळी वेळापत्रकं करून बघितली. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यांत कमी लागले. दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना बरेच जास्त. पण वेळापत्रकाबद्दल सगळ्यांत नाराज होते ते एक तासवालेच, कारण दिवसांच्या हिशोबात ते मागे पडत होते. तुम्हालाही ‘फारच हळू चाललंय’ असं वाटेल. तेव्हा वेळापत्रक बदलू नका.

आणि एका विषयातल्या एका बैठकीत प्रकार मिसळा. दहाही जोड्या सरमिसळ करून ऐका, एक जोडी संपवून दुसरी असं नको. १९७९ मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवताना हेच दिसलं: एकेक हालचाल ओळीने घोटणारे सरावात चटकन पुढे गेले, सरमिसळ करणारे चाचपडले, पण दहा दिवसांनी तपासल्यावर सरमिसळवाल्यांचं जास्त टिकलेलं होतं. फक्त अगदी पहिले दोन दिवस ओळीने घ्या, नाहीतर दोन आवाजांत फरक आहे एवढंही कळणार नाही.

तिरपी रेघ

चित्रालाही तेच लागू आहे. एका आठवड्यात सात कप काढू नका. कप, खुर्ची, हात, चुरगळलेला कागद असे आलटून पालटून घ्या. वीस मिनिटांत तिन्ही सराव बसणार नाहीत असं वाटलं तर रिकाम्या जागांची वेळ दहावरून आठ मिनिटांवर आणा. मापांची पाच मिनिटं मात्र कापू नका. ती कंटाळवाणी असतात, म्हणून सगळे आधी तीच गाळतात, आणि महिन्याभराने कपाचा कान बुडापेक्षा मोठा का दिसतो ते कळत नाही.

पाणीपातळी

रेघोटी, एक उरलं. वाईट झालेलं काम बघवत नाही असं तुम्ही लिहिलं होतं. पाकिटाचा उपाय चांगला आहे, त्यात एक भर घाला. बैठकीआधीच ठरवा की आज बारा कागद संपवायचे, चांगली चित्रं किती ते ठरवायचं नाही. भाषेत शंभर उत्तरं द्यायची, त्यांतली बरोबर किती ते दर तिसऱ्या दिवशीच मोजायचं. आणि शंभरपैकी ९५ बरोबर येत असतील तर त्या दिवशी सराव फार सोपा होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी नव्या माणसांचे आवाज घ्या किंवा गोंगाटात ध्वनिमुद्रित केलेले तुकडे लावा. सलग तीनदा मोजून ७० च्या खालीच राहिलात तर एक पायरी मागे जा, जोड्या दहावरून पाचवर आणा आणि मग पुन्हा वाढवा.